लॉरा लाँचला सरकते, पद्मिनी मागून नाचते: दोघींना एकच औषध चालेल का?

ठाण्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. गाडी २०११ची स्कोडा लॉरा १.८ टीएसआय, मॅन्युअल. रीमॅप (इंजिनच्या संगणकाचं ट्यूनिंग) आणि डाउनपाइप (टर्बोमागचा मोकळा एक्झॉस्ट पाइप) झालंय, टॉर्क साधारण ३५० न्यूटन-मीटर. १८ इंची अलॉय, कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअप) घालून गाडी बरीच खाली घेतलेली. लाँचला, म्हणजे ड्रॅग शर्यतीत थांबलेली गाडी एकदम सोडताना, पहिल्या गिअरमध्ये चाकं नुसती फिरतात, मधेच पुढून धाडधाड उड्या बसतात, दुसऱ्यातही धड पकड नाही. मित्रमंडळींचा सल्ला: मागची स्प्रिंग मऊ कर, वजन मागे जाऊ दे, डिकीत वाळूची गोणी टाक, अमेरिकन ड्रॅग गाड्या अशाच असतात. आणि एका मित्राची जिप्सीचं इंजिन बसवलेली पद्मिनी आहे, तिचं मागचं हाउसिंग (मागच्या अ‍ॅक्सलचं आवरण) लाँचला नाचतं. दोघांना एकच सेटअप चालेल का?

नाही चालणार. गोणी आजच डिकीतून काढा. तुमच्या मित्रांनी जे पाहिलंय ते खोटं नाही, पण ते मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं आहे आणि तेही पकडीसाठी चिकट द्रव, म्हणजे गोंद, मारलेल्या ट्रॅकवरचं. तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालते आणि तुम्ही पळवणार धावपट्टीवर. या दोन गोष्टी बदलल्या की अर्धे सल्ले उलटे होतात.

आधी वजन सरकतं म्हणजे काय ते पक्कं करू, कारण गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त गैरसमज इथेच भेटतात. गाडी पुढे झेपावते तेव्हा मागच्या अ‍ॅक्सलवर किती जादा भार येतो, हे चार गोष्टींवर ठरतं: गाडीचं वजन, प्रवेग, गुरुत्वमध्य जमिनीपासून किती उंच आहे, आणि व्हीलबेस. पहिल्या तिघांचा गुणाकार करायचा, व्हीलबेसने भागायचं. संपलं. या हिशोबात स्प्रिंग कुठेच नाही. स्प्रिंग मऊ केली म्हणून जास्त वजन मागे जात नाही, गाडी फक्त जास्त बसलेली दिसते. लोकल सुटताना दारात उभ्या माणसाला बसणारा हिसका गुडघे सैल असोत की ताठ, तेवढाच असतो. तोल किती लवकर आणि कसा जातो, एवढंच गुडघ्यांवर. स्प्रिंग आणि शॉकअपचं काम तेवढंच आहे: भार कधी पोचतो, किती झटक्याने पोचतो, आणि तोपर्यंत टायर जमिनीवर सरळ बसलेला राहतो का.

आता तुमच्या गाडीचे आकडे. ड्रायव्हरसकट १४०० किलो धरू, व्हीलबेस २.५८ मीटर, गुरुत्वमध्य साधारण ५४ सेंटीमीटरवर. ०.५ जीने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या प्रवेगाने, गाडी सुटली तर सुमारे १४७ किलो पुढून मागे जातात. उभ्या गाडीत पुढे ६० टक्के, म्हणजे ८४० किलो होते. लाँचमध्ये उरले ६९३. खेचायचं काम पुढच्या चाकांचं, आणि नेमकं त्यांच्याच डोक्यावरचं ओझं उतरलं. गोणीचंही गणित करून पाहा. ५० किलोची गोणी मागच्या अ‍ॅक्सलच्या अर्धा-पाऊण मीटर मागे ठेवली, तर डिकी खाली दबते आणि पुढच्या चाकांवरून उलट १० ते १५ किलो उचलले जातात. गाडी ५० किलोंनी जड झाली आणि पकडही गेली. याच न्यायाने स्टेपनी, जॅक, डिकीतला ऊफर यांना लाँचपुरतं बाहेर काढण्यात दुहेरी फायदा आहे. बॅटरी मात्र बोनेटखाली आहे तिथेच राहू द्या. ती मागे नेण्याची टूम पद्मिनीवाल्या मित्राला शोभेल, तुम्हाला नाही.

माझे ६० टक्के अंदाजाचे आहेत, तुमचे खरे काढा. कळंबोलीला स्टील मार्केटच्या आसपास वजनकाटे आहेत, भिवंडीकडेही मिळतील. आधी पूर्ण गाडी काट्यावर, मग फक्त पुढची चाकं काट्यावर आणि मागची बाहेर सपाट जमिनीवर. दोन पावत्या, थोडेच पैसे. हे काटे ट्रकसाठी असतात, त्यामुळे १०-२० किलोंचा फरक गृहीत धरा. ड्रायव्हर आत बसलेला हवा आणि पेट्रोल लाँचला ठेवाल तेवढंच हवं.

आता ट्रॅककडे. हा मुद्दा फार कमी लोक विचारात घेतात. समजा पुढच्या चाकांवरची गाडी, पुढे ६० टक्के वजन. आणि दुसरी मागच्या चाकांवरची, तिच्याही मागे ४० टक्केच. दोघींचा उंची-व्हीलबेसचा हिशोब सारखाच. घर्षणांक, म्हणजे टायर-जमिनीच्या पकडीचा आकडा, ०.८ असेल, म्हणजे धूळ बसलेलं डांबर आणि साधा रोड टायर, तर पुढची गाडी जास्तीत जास्त ०.४१ जीने सुटू शकते आणि मागची ०.३८ने. तुमचीच पुढे! घर्षणांक १.० झाला की दोघी जवळपास बरोबरीत, ०.५०च्या आसपास. पण तो १.५वर नेला, म्हणजे गोंद मारलेला ट्रॅक आणि ड्रॅग टायर आला, की तुमची ०.६८वर अडकते आणि मागची ०.८८ला जाते. जितकी पकड जास्त तितका प्रवेग जास्त, तितकं वजन मागे, आणि मागच्या चाकांना ते फुकटात मिळतं. तुमच्या मित्रांनी जे व्हिडिओ पाहिले त्यात पुढची चाकं हवेत असतात ती यामुळे. आपल्याकडे अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीसारख्या जागी असा गोंद मुरलेला ट्रॅक नसतो. तिथे नीट लावलेली पुढच्या चाकांची गाडी कुणाला मान खाली घालायला लावत नाही. तेव्हा गाडीचा न्यूनगंड सोडा.

मग चाकं का फिरतात? कारण इंजिन टायरच्या ऐपतीच्या दुप्पट मागतंय. पहिला गिअर आणि फायनल ड्राइव्ह मिळून टॉर्क साधारण १२-१३ पट होतो. ३५० गुणिले १२.५, त्यातून दहा टक्के गिअरबॉक्सला गेले, टायरची त्रिज्या साधारण ३१ सेंटीमीटर. जमिनीवर येणारी ओढ जवळजवळ १३०० किलो. आणि पुढच्या दोन टायरांवर भार आहे ६९३ किलो. घर्षणांक १ धरला तरी ते ७०० किलोंच्या वर ओढू शकत नाहीत. फिरणाऱ्या भागांची जडता हिशोबात घेतली, तरी पहिल्यात तुम्हाला २००-२२० न्यूटन-मीटरच्या पुढे काहीच उपयोगी नाही. कंपनीतून गाडी निघाली तेव्हा २५० होते. म्हणजे रीमॅपवर खर्च केलेला सगळा टॉर्क पहिल्या गिअरमध्ये टायर जाळण्यात जातो. दुसऱ्यात ओढ साधारण ७५०वर येते, ती मर्यादेच्या जराशी वर. तुम्ही लिहिलंय तसं, दुसऱ्यात धड पकड नाही, ते बरोबर जुळतं. तिसऱ्यापासून ३५० कामाला येतात.

त्यामुळे ट्यूनरकडे जाऊन आणखी टॉर्क मागू नका. गिअरनुसार बूस्ट (टर्बोचा दाब) मागा: पहिल्यात कमी, दुसऱ्यात मधला, तिसऱ्यापासून पूर्ण. १.८ टीएसआयच्या ईसीयूत (इंजिनच्या संगणकात) हे करता येतं. ज्याला येत नाही तो म्हणेल, ‘काही फरक पडत नाही, क्लच सांभाळून सोडा.’ त्याच्याकडे जाऊ नका.

आता टायर. तुमच्या खर्चाचा पहिला रुपया इथेच जायला हवा. १८ इंची अलॉय घरी ठेवा. ड्रॅगसाठी १६ इंची रिम आणि २०५/५५ टायर घ्या: रिम हलकी, बाजूची भिंत उंच, आणि ती भिंत लाँचला दुमडून झटका पिते. १८ इंचाला ४० प्रोफाइलची भिंत दुमडत नाही, ती झटका थेट ड्राइव्ह शाफ्टला देते. टायरच्या बाजूवर चार अंकी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. आपल्याकडच्या उन्हात पार्क केलेल्या गाडीचा टायर चार-पाच वर्षांत कडक होतो, नक्षी शाबूत असली तरी. नख दाबून पाहा, खूण उमटते का. ट्रेडवेअरचा आकडाही तिथेच छापलेला असतो. ४००-५०० म्हणजे लांबच्या प्रवासाचा टायर, २००च्या आसपास म्हणजे पकडीचा. खरे ड्रॅग रेडिअल इथे सहज मिळत नाहीत, मागवायचे तर महागात जातं. २०० ट्रेडवेअरच्या जोडीवरही तुमची गाडी बदललेली जाणवेल. ही जोडी पुढे. मागे आहेत तेच चालतील.

हवा: मागे ४०. तिथे पकड नकोच, रोलिंग कमी हवं. पुढे ३२ने सुरुवात करा आणि दोन-दोनने खाली या. प्रत्येक लाँचनंतर उतरून जमिनीवरचा काळा पट्टा बघा. दोन्ही कडा गडद आणि मध्ये फिका असेल तर हवा कमी झाली. मध्येच गडद तर अजून जास्त आहे. फक्त आतली कड गडद तर हवेचा नाही, कॅम्बरचा, म्हणजे चाकाच्या झुकण्याचा प्रश्न आहे. तुमचं उत्तर बहुधा हे तिसरंच येईल, कारण गाडी खाली घेतली की चाकं वरून आत झुकतात. रोड टायरला बहुतेक वेळा २४ ते २६वर गोडी येते. २०च्या खाली जाऊ नका, टायर रिमवर सरकतो आणि शेवटच्या टप्प्यातल्या वेगाला गाडी डुलायला लागते.

टायर गरम करण्याबद्दल थोडक्यात. रोड टायरचा धूर काढायचा नाही. वरचा थर तेलकट होतो आणि पकड उतरते. हँडब्रेक लावून दोन-तीन सेकंद चाकं फिरवा, धूळ आणि खडी झटकली जाईल. पाणी टाकलेली जागा असेल तर तिला वळसा घाला. नक्षीत अडकलेलं पाणी सुरुवातीच्या रेषेपर्यंत येतं, आणि मागून येणारा तुम्हाला शिव्या देतो ते वेगळंच.

उड्या. याकडे मी सगळ्यात गंभीरपणे बघेन, कारण पकड नसणं फक्त वेळ खातं, उड्या ड्राइव्ह शाफ्ट खातात. होतं काय, तर टायर पकडतो, इंजिन आणि गिअरबॉक्स आपल्या माउंटिंगवर मागे झुकतात, लोअर आर्मचे बुश चेपतात, सगळं ताणलं जातं; मग टायर सुटतो, ताणलेलं सगळं परत येतं, टायर पुन्हा पकडतो. सेकंदात हे बरेचदा. धाडधाड तीच. तुमच्या गाडीत गिअरबॉक्सच्या खाली, सबफ्रेमला जोडणारं एक आडवं माउंटिंग आहे. गॅरेजवाले त्याला डॉगबोन म्हणतात. इंजिनचं पुढे-मागे डोलणं मुख्यतः तेच रोखतं. आतलं रबर फाटलेलं असेल, आणि मुंबईच्या खड्ड्यांत इतकी वर्षं काढलेल्या गाडीत ते फाटलेलं असायला कुणाची हरकत नसते. बोनेट उघडून, मित्राला हँडब्रेकवर क्लच किंचित सोडायला सांगा. इंजिन दोन बोटांपेक्षा जास्त उचललं गेलं तर तपास तिथेच संपला. तिथे पॉलियुरेथेनचा इन्सर्ट टाका. थोडी घरघर केबिनमध्ये येईल, सिग्नलला स्टिअरिंग थरथरेल. वरची दोन माउंटिंग रबराचीच राहू द्या, नाहीतर रोज ऑफिसला जाताना दात वाजतील.

त्याच वेळी गाडी लिफ्टवर घेऊन लोअर आर्मचा मागचा मोठा बुश पाहा. पहार घालून हलवला की कळतं. तो फाटलेला असेल तर लाँचला चाक कमानीत पुढे सरकतं, टो (चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा) बदलतो, स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. हे दोन्ही झाल्याशिवाय शॉकअपचे नॉब फिरवत बसणं म्हणजे वेळ घालवणं. आणि ट्रॅकवर उड्या सुरू झाल्याच तर अ‍ॅक्सिलरेटर लगेच सोडायचा. ‘निघेल पुढे’ म्हणून दाबून धरलेल्या गाड्या ट्रकवर घालून घरी जातात.

आता सस्पेन्शन. गाडी खाली घेतल्याचा फायदा लोक फुगवून सांगतात. गुरुत्वमध्य तीन सेंटीमीटर खाली आला तर ०.५ जीला सरकणाऱ्या १४७ किलोंतले सुमारे आठ वाचतात. आठ किलो! त्या बदल्यात कॅम्बर वाढला, ड्राइव्ह शाफ्ट वाकड्या कोनात गेले, आणि शॉकअपला चालायला जागा उरली नाही. पुढून दीड-दोन सेंटीमीटर वर घ्या, इतकी की लोअर आर्म समोरून पाहिल्यावर साधारण आडवे दिसावेत. कॅम्बर अर्ध्या अंशापर्यंत आणा, टो शून्याजवळ.

मागे तुम्हाला कडक हवं, मऊ नाही. मागची स्प्रिंग कडक केल्याने वजन सरकायचं थांबत नाही हे वर झालंच. पण गाडी मागे बसून नाक वर गेलं की पुढचं चाक खाली लोंबतं, कॅम्बर-टो जागा सोडतात, शाफ्टचा कोन बिघडतो, आणि नेमक्या त्या क्षणी टायर अर्धा टेकलेला असतो. शरीर सपाट ठेवायचं ते यासाठी. तुमच्या कॉइलओव्हरला एकच नॉब असेल तर मागचा कडकच्या टोकाकडे न्या. पुढच्याचा रिबाउंड (शॉकअप लांबताना होणारा विरोध) मध्यावरून थोडा कडक, त्याहून जास्त नको. पुढचा रिबाउंड आवळून टाकला की नाक उठत नाही हे खरं, दिसायलाही छान. पण शॉकअप चाकाला वर ओढून धरतो, आणि धावपट्टीच्या सांध्यावर टायर क्षणभर जमीन सोडतो. नॉब दोन क्लिक फिरवा, लाँच करा, बघा. एका वेळी एकच बदल.

बघायचं कसं? शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर झिप टाय बांधा आणि खाली सीलपर्यंत सरकवा. शॉकअप जितका आत गेला तितका तो वर ढकलला जातो. मागच्याला लाँचनंतर माप घ्या: गाडी मागे किती बसली ते मिलिमीटरमध्ये मिळालं. पुढचा बाहेर किती येतो हे झिप टाय सांगत नाही, त्यासाठी मोबाइल. मित्राला सुरुवातीच्या रेषेच्या बाजूला, चाकाच्या उंचीवर स्लो-मोशन लावून बसवा. त्या पाच सेकंदांच्या व्हिडिओत टायरची भिंत दुमडते का, चाक पहिल्या फेरीत सुटतं की तिसऱ्या, आतली कड टेकते का, हे सगळं दिसतं. पहिल्याच फेरीत सुटलं तर क्लच फार झटक्यात सोडला. पकडून मग सुटलं तर बूस्ट आल्यावर सुटलं, म्हणजे काम ट्यूनरचं.

काही लोक पुढच्या चाकांच्या ड्रॅग गाड्यांना मागे लांब दांड्यावर छोटी चाकं लावतात, ते तुम्ही पाहिलं असेल. ती गाडी उलटू नये म्हणून नसतात. मागचा टेकू आणखी मागे नेला की व्हीलबेस लांबल्यासारखा होतो आणि वजन कमी सरकतं. वरच्या सूत्राचाच भाग. तुमच्या टॉर्कला त्याची गरज नाही.

एकच चाक फिरत असेल, म्हणजे जमिनीवर एकच काळा पट्टा उमटत असेल, तर लिमिटेड स्लिप डिफरन्शियलचा, म्हणजे एक चाक सुटलं तरी दुसऱ्याला ताकद पोचवणाऱ्या डिफरन्शियलचा विचार करा. क्वाइफ कंपनीच्या डिफरन्शियलसारखा गिअरवाला प्रकार रोजच्या गाडीला चांगला, देखभाल जवळपास नाही. पण एका चाकाखालचा भार जवळजवळ शून्य झाला की तोही हात टेकतो, म्हणून उड्या आधी मिटवा. गिअरबॉक्स उतरवायचाच आहे तर क्लच त्याच वेळी बदलून घ्या. मजुरी दोनदा द्यायची गरज नाही. दोन्ही पट्टे सारखे उमटत असतील तर हा खर्च सध्या करू नका.

क्लच सोडायची पद्धत: ईएससीचं (चाकांची घसरण रोखणाऱ्या यंत्रणेचं) बटण बंद, आरपीएम अडीच ते तीन हजार, क्लच पकडतो तिथपर्यंत पटकन आणा आणि मग तिथेच अर्धा सेकंद घासू द्या. गाडी निघाली की पाय पूर्ण काढा. अ‍ॅक्सिलरेटर सुरुवातीला अर्धा, गाडी ३०च्या आसपास गेली की पूर्ण. पाच हजारावर क्लच फेकायचा प्रकार चार चाकं ओढणाऱ्या गाड्यांचा, त्यांनाच ठेवा. आरपीएम फार खाली ठेवलं तर टर्बो झोपतो आणि गाडी दमून जाते. २०० आरपीएमच्या टप्प्यांनी वर या.

प्रगती मोजायची ती साठ फुटांच्या वेळेवर, म्हणजे पहिल्या १८ मीटरवर. घड्याळ गाडी फूटभर सरकल्यावर सुरू होतं हे धरून, सरासरी ०.५ जीला ही वेळ साधारण २.४ सेकंद येते, ०.६ला २.२च्या खाली. जुना ठोकताळा असा की साठ फुटांत वाचलेला एक दशांश ४०२ मीटरच्या शेवटी दीड ते दोन दशांश होऊन परत मिळतो. फक्त शेवटची वेळ आणि टॉप स्पीड बघणाऱ्याला लाँच सुधारला की इंजिन, हे कधीच कळत नाही.

आता पद्मिनी. तिचं दुखणं वेगळं आहे. वजन १००० किलो धरा, व्हीलबेस २.३४ मीटर, ०.४ जीलाही ९० किलोंच्या वर मागे जातात आणि तिला ते हवेच आहेत. नाचतं ते पाट्यांमुळे, म्हणजे मागच्या लीफ स्प्रिंगमुळे. चाकं पुढे फिरतात तेव्हा हाउसिंग उलट्या दिशेने फिरायला बघतं, पिनियनचं (प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडतो त्या गिअरचं) नाक वर उचललं जातं, आणि पाट्यांचा पुढचा भाग इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो. टायर सुटला की पाटे सरळ होतात, हाउसिंग आपटतं, टायर पुन्हा पकडतो. मूळ इंजिनची ताकद एवढी नव्हती म्हणून तेव्हा हे दिसत नसे. जिप्सीच्या इंजिनने आणि गिअरिंगने उघडं पाडलं.

जास्त पाटे भरू नका, कडक झालेल्या मागच्या भागाने पकड जाते. ट्रॅक्शन बार करून घ्या: हाउसिंगखालच्या यू-बोल्टच्या पट्टीला जोडलेला मजबूत चौकोनी पाइप, पुढे पाट्याच्या पुढच्या डोळ्याखालपर्यंत, टोकाला रबराचा ठोकळा. हाउसिंग फिरायला लागलं की ठोकळा डोळ्याखाली टेकतो, फिरणं थांबतं आणि तीच ताकद टायरला खाली दाबते. चांगला फॅब्रिकेटर दिवसात करून देईल, फक्त वेल्डिंग हाउसिंगच्या नळीवर करू देऊ नका. नळी वाकली की अ‍ॅक्सल आणि बेअरिंग गेलं. पाट्यांच्या पुढच्या अर्ध्या भागाला जादा क्लॅम्प मारले तरी थोडा फरक पडतो, तो स्वस्त प्रयोग आधी करा. शॅकलचे (पाट्याच्या मागच्या टोकाच्या झुलत्या कडीचे) बुश बदला. पुढच्या शॉकअपचा रिबाउंड सैल चालेल, नाक उठू दे.

ठोकळ्याचं अंतर दोन्ही बाजूंना सारखं ठेवायचं नाही. प्रोपेलर शाफ्टच्या पिळामुळे बहुतेक गाड्यांत मागचं उजवं चाक हलकं होतं, म्हणून उजवा ठोकळा जवळपास टेकलेला आणि डावा सेंटीमीटरभर खाली. अमेरिकन लोक बॅटरी मागे उजवीकडे ठेवतात तेही यासाठीच, पण त्यांचा ड्रायव्हर डावीकडे बसतो. आपल्याकडे ड्रायव्हर आधीच उजवीकडे आहे. त्यामुळे बॅटरी मागे न्या, पण कुठल्या बाजूला ते काट्यावर डावी-उजवी चाकं वेगळी तोलून मगच ठरवा. इंजिन बदलल्याची नोंद आरटीओच्या कागदांवर आहे ना, तेही मित्राला विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगी लागते, आणि नंतर कागद जमवताना फार पळापळ होते.

सराव कुठे करता ते तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून सांगतो: बीकेसी नको, पाम बीच रोड नको, रात्री दोनलाही नको. रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९खाली पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, वर सांगितलेलं काहीही त्या रस्त्यावर शिकता येत नाही: टायमर नाही, एकसारखा पृष्ठभाग नाही, आणि काळा पट्टा बघायला उतरायचं कसं? धावपट्टीवरच्या अधिकृत कार्यक्रमाला नाव नोंदवा, हेल्मेट आणि स्क्रुटिनीची (शर्यतीआधी होणाऱ्या गाडीच्या तपासणीची) तयारी ठेवा, आणि पहिल्या रनआधी आपली लेन पायी चालून या. वाळू साठलेली जागा कळते आणि गाडी कुठे उभी करायची ते ठरतं.

पुढचं पाऊल तुमच्याकडून हवं. काट्याच्या दोन पावत्या, डॉगबोन आणि लोअर आर्म बुशचे फोटो, टायरवरची चार अंकी तारीख, आणि एका लाँचचा बाजूने घेतलेला स्लो-मोशन व्हिडिओ पाठवा. तोपर्यंत कॉइलओव्हरच्या नव्या स्प्रिंगची ऑर्डर देऊ नका. मागे किती कडक हवी ते वजनाचे आकडे आल्यावरच सांगता येईल.